गेम फुकट, मग पैसा कुठून? मटक्यापासून मोबाईलपर्यंतचा इतिहास आणि आपले आरोग्य

मोबाईलवरच्या गेमबद्दल पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, दिवसातून किती तास खेळलं तर चालतं?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. समजा, एका घरात मुलगा रोज दोन तास मोबाईलवर फुटबॉलचा गेम खेळतो आणि त्याच घरातले काका रात्री फक्त वीस मिनिटे पैसे लावून रमी खेळतात. तासांच्या हिशेबाने मुलगा धोक्यात आणि काका सुखरूप. कर्जाचा हप्ता मात्र काकांचा थकलेला असू शकतो.

म्हणून तासांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हा गेम पैसा कसा कमावतो? गेल्या साठ वर्षांत खेळातून पैसा वसूल करण्याच्या पद्धती बदलत गेल्या आणि प्रत्येक बदलाबरोबर माणसाला होणारा त्रासही बदलला. हा इतिहास समजला, तर आपल्या घरात नेमके काय चालले आहे हे ओळखणे सोपे जाते.

तालमीतला खेळ थांबतो

खेळाचे वेड काय असते हे शिवाजी पेठेला सांगायला नको. तालमी इथल्याच, आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला अख्खी पेठ लोटते. पण मैदानावरच्या खेळाला एक सोय आहे, तो आपोआप थांबतो. दम लागतो, अंधार पडतो, पंच शिट्टी वाजवतो. तालीम सदस्यांच्या वर्गणीवर चालते. पोरगा दहा बैठका जास्त मारतो म्हणून तालमीची कमाई वाढत नाही.

गणपतीच्या मांडवात जागरणाला पत्त्यांचा डाव बसतो, तोही असाच. कोण जिंकला, कोण हरला, पैसा खेळणाऱ्यांतच फिरतो. मांडव त्यातून कमिशन कापत नाही. ज्या दिवशी डाव भरवणाऱ्याचे पोट प्रत्येक हातावर चालू लागते, त्या दिवशी डाव लवकर संपू नये हा त्याचा धंद्याचा भाग होतो. आपल्या इतिहासातला पहिला मोठा बदल हाच.

आकडा लावणारे शहर

मुंबईत मटक्याची सुरुवात कापसाच्या भावातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यातल्या आकड्यांवर लोक पैसे लावत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे भाव येणे बंद झाले, तेव्हा आकडा इथेच काढण्याची पद्धत आली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्या धंद्यातली दोन मोठी नावे. पूर्वी मडक्यातून चिठ्ठी काढत, म्हणून 'मटका' हे नाव पडले. पुढे पत्ते आले तरी नाव तेच राहिले. गिरणगावातल्या कामगारापासून कोल्हापुरातल्या पानपट्टीपर्यंत तो पोहोचला, कारण रुपया-दोन रुपयेही लावता येत.

याचा हिशेब साधा होता. आकडे दहा आणि एका आकड्याला साधारण नऊपट पैसे. म्हणजे दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले, तर जमा शंभर आणि वाटप नव्वद. दहा रुपये मालकाचे. जिंकलेले पैसे लोक पुन्हा लावतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत दहावा हिस्सा कमी होतो. दहा फेऱ्यांनंतर शंभरातले सुमारे पस्तीस रुपये उरतात, बावीस फेऱ्यांनंतर दहाच्या आत. मालकाला लबाडी करायची गरज नसते. लोक खेळत राहिले की पुरे. हे गणित लक्षात ठेवा, पुढे ते मोबाईलमध्ये भेटणार आहे.

कोर्टातली रमी

जुगार आणि खेळ यांतली रेघ कुठे ओढायची, हा वादही आपल्याकडे जुना आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. प्रवेश फी घेऊन शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५७ मध्ये निकाल लागला : जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धेला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण नाही, पण जिथे कौशल्याचा भाग मोठा आहे ती स्पर्धा वेगळी.

१९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की तेरा पत्त्यांची रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. हे वाक्य पुढे रमीच्या धंद्याची ढाल बनले. त्याच निकालातली दुसरी बाब मात्र फारशी कुणी सांगत नाही. जागेचा मालक रमीच्या डावातूनच नफा कमावत असेल, तर गुन्हा ठरू शकतो, असेही न्यायालयाने म्हटले होते. खेळ कोणता हे पाहाच, पण पैसा कोण कमावतो हेही पाहा, असा त्याचा अर्थ.

कायद्याची ही चौकट मांडवातल्या आणि क्लबातल्या डावासाठी होती. इंटरनेट आल्यावर पैसा वसूल करण्याच्या नव्या पद्धती घडल्या त्या मोठ्या प्रमाणात चीनमध्ये. त्याच पुढे आपल्या खिशातल्या मोबाईलवर आल्या, म्हणून थोडे तिकडे वळू.

पहिली पद्धत : घड्याळाप्रमाणे पैसे

२००० साली चीनने टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांच्या विक्रीवर बंदी घातली. घरोघरी संगणक नव्हते. मग पोरे गेली सायबर कॅफेत. गेमच्या सीडीची चोरटी नक्कल सर्रास मिळायची, त्यामुळे सीडी विकून धंदा होत नव्हता. क्रेडिट कार्डही फारशी नव्हती. शांघायच्या शांदा कंपनीने २००१ मध्ये 'लेजंड ऑफ मीर' हा कोरियन गेम आणला आणि त्याचे पैसे प्रीपेड कार्डातून घेतले. जितका वेळ खेळाल तितके कार्ड संपेल. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००५ मध्ये चीनमध्ये आला तेव्हा ३० युआनच्या कार्डात ४००० मिनिटे मिळत. आपल्याकडच्या सायबर कॅफेतही तासाचेच पैसे द्यावे लागत.

या पद्धतीत कंपनीला हवे असते ते तुमचे बसून राहणे. त्यामुळे त्रासही बसण्याचे : झोप उडणे, पाठ-मान धरणे, डोळे कोरडे पडणे, जेवण चुकणे. टोकाला गेले तर जीवही जातो. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात २००५ मध्ये सुमारे पन्नास तास जवळजवळ सलग गेम खेळलेल्या तरुणाचा मृत्यू झाला. तरीही या पद्धतीत एक नैसर्गिक कुंपण होते. कार्ड संपायचे, खिसा रिकामा व्हायचा, कॅफेचे शटर पडायचे.

चीनने २००७ मध्ये याच काळाला साजेसा उपाय केला. अल्पवयीन खेळाडूला तीन तासांनंतर गेममधले फायदे निम्मे आणि पाच तासांनंतर शून्य. पण तोवर धंद्याची तऱ्हाच बदलली होती.

दुसरी पद्धत : प्रवेश फुकट, हौसेला मोल

२००५ च्या अखेरीस शांदाने आपले मुख्य गेम फुकट केले. २००६ मध्ये 'झेडटी ऑनलाइन' आला. तो काढणारे शी युझू आधी 'नाओबाइजिन' नावाचे झोपेचे पूरक औषध विकत होते. त्यात मेलाटोनिन असे, आणि त्याच्या जाहिराती चीनभर गाजलेल्या. औषधाच्या जाहिरातीतून माणसाची नस ओळखलेल्या या व्यापाऱ्याने गेममध्येही तीच ओळखली. खेळणे फुकट, पण भारी तलवार, भारी चिलखत, मान-मरातब विकत. पेट्या विकत घेऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशीब.

या पद्धतीत बहुतेक लोक एक पैसाही देत नाहीत. कमाईचा मोठा भाग थोड्या लोकांकडून येतो. मग फुकट खेळणाऱ्यांचे काम काय? ते गर्दी असतात. पैसेवाल्याला मिरवायला, हरवायला माणसे लागतात, ती फुकटात मिळतात. टेन्सेंटनेही आपल्या क्यूक्यू या गप्पांच्या सेवेवर चित्रातल्या बाहुलीचे कपडे विकले आणि पुढे ती जगातली सर्वांत मोठ्या गेम कंपन्यांपैकी एक झाली.

आपल्या मेंदूच्या दृष्टीने इथे महत्त्वाचे काय झाले? १९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी जोरात पेटायच्या. रस ठरल्या वेळी मिळू लागला की रसासाठीचा तो जोर ओसरायचा. म्हणजे मेंदूला 'मिळाले' यापेक्षा 'अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले' हे भावते. बंद पेटी, रोज गेम उघडल्याबद्दलचे बक्षीस, एक दिवस चुकला की तुटणारी साखळी, या सगळ्याचा निशाणा तिथेच आहे. आणि आता कॅफेचे शटर पडत नाही.

हीच पद्धत कट्ट्यावर

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पब्जी मोबाईल आला. कोरियन कंपनीचा मूळ गेम, मोबाईलवर आणला टेन्सेंटने. गल्लीबोळातली पोरे कट्ट्यावर शेजारी बसून एकमेकांशी मोबाईलमध्ये खेळू लागली. गेम फुकट. कपडे, बंदुकीचे रंग, पेट्या आणि 'रॉयल पास' मात्र विकत. जानेवारी २०१९ मध्ये तर अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात या गेमवर बंदी मागितली होती.

बंदी आली, पण कारण वेगळे होते. चीन सीमेवरच्या तणावानंतर २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲप बंद केली, त्यात पब्जी होता. जुलै २०२१ मध्ये तो कोरियन कंपनीच्या 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा अडवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. नाव बदलले, मालकीची पाटी बदलली, वसुलीची पद्धत मात्र तीच राहिली. पालकांना त्रास होत होता तो पद्धतीचा.

तिसरी पद्धत : थेट पैसा लावा

याच काळात पैसे लावून खेळायची रमी आणि फँटसी क्रिकेट मोठे झाले. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेली ड्रीम११ ही कंपनी २०२० मध्ये आयपीएलची मुख्य प्रायोजक होती आणि २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर आली. अशा ॲपची कमाई सरळ होती. सगळ्यांचे पैसे एकत्र करा, आपला टक्का कापा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटा. मटक्याचे ते शंभराचे नव्वद होणारे गणित इथे परत आले. फरक इतकाच की मटक्याला दिवसाकाठी थोडेच आकडे निघायचे, मोबाईलवर हात संपला की दुसरा लगेच तयार. फेऱ्या जितक्या जलद, तितका पैसा लवकर झिजतो.

कौशल्य असले तरी हे गणित बदलत नाही. चांगला खेळाडू वाईट खेळाडूचे पैसे जिंकतो, टक्का दोघांचाही कापला जातो. "मी अभ्यास करून टीम लावतो" असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण हरणाऱ्यांची संख्या त्याच्या अभ्यासाने कमी होत नाही.

दवाखान्यात हे दोन वेगळे आजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आणि जुगाराचा विकार असे दोन स्वतंत्र आजार आहेत. ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दोन्हींच्या खुणा सारख्या आहेत :

- खेळण्यावर ताबा राहत नाही. कधी सुरू करायचे, कधी थांबायचे हे हातात उरत नाही.
- जेवण, झोप, शाळा, काम, माणसे या सगळ्यांच्या आधी खेळ येतो.
- नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहतो किंवा वाढतो.

निदानासाठी हे साधारण बारा महिने चाललेले असावे लागते, फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान होते. सुट्टीत आठवडाभर गेम खेळणारा मुलगा म्हणजे आजारी मुलगा नव्हे.

फरक पडतो तो बाहेरून दिसण्यात. गेमिंगचा विकार घरात दिसतो : मुलगा चिडतो, जागतो, मार्क घसरतात. जुगाराचा विकार लपतो. माणूस कामावर जातो, हसतो, बोलतो. दिसतात त्या आडवाटेच्या खुणा : पगार आठवड्यात संपणे, मोबाईलवरून घेतलेली छोटी कर्जे, दागिना गहाण, झोप न लागणे, छातीत धडधड, ॲसिडिटी. 'गेलेले परत मिळवायचे' म्हणून आणखी लावणे ही याची सर्वांत मोठी खूण. लाज आणि कर्ज एकत्र आले की आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून हा आजार हलक्यात घेऊ नये.

आणखी एक माहिती फार थोड्यांना असते. पार्किन्सनच्या आजारात दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे मेंदूत डोपामाइनसारखे काम करतात. काही रुग्णांत त्यामुळे जुगाराची ओढ नव्याने सुरू होते. घरातल्या वयस्कर माणसात असा बदल दिसला, तर औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना लगेच सांगा.

नियमांनी काय साधले?

चीनने कडक नियम केले. २०१७ पासून पेटीत काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणे सक्तीचे झाले. २०१९ मध्ये अल्पवयीनांना शाळेच्या दिवशी दीड तास, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तर फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ. पण २०१९ च्या नियमानंतरच्या खेळण्याच्या प्रचंड नोंदी तपासणाऱ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिखेळणे कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये रोजच्या बक्षिसांसारख्या क्लृप्त्यांना हात घालणारा मसुदा आला, तेव्हा गेम कंपन्यांचे शेअर कोसळले आणि महिन्याभरात मसुदा संकेतस्थळावरून हटला. तासांवर मर्यादा घातली तेव्हा धंद्याने ती सोसली. वसुलीच्या पद्धतीला हात लागताच बाजार हादरला.

भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये थेट वसुलीवर बोट ठेवले. संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला, कौशल्याचा असो वा नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरातीवरही बंदी. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये लोक गमावतात, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

वैद्यकीय बाजूने इतकेच सांगतो : ॲप बंद झाले म्हणजे आजार बरा झाला असे नाही. ओढ राहते, कर्ज राहते, आणि परदेशातून चालणारी बेकायदा ॲप वाट पाहत असतात. अचानक थांबल्यावर काही दिवस बेचैनी, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. फुकट गेममधल्या पेट्या तर आजही सुरूच आहेत.

घरी विचारायचे चार प्रश्न

१. हा गेम पैसा कसा कमावतो : वेळेवर, वस्तूंवर, की लावलेल्या पैशांतून?
२. यात बंद पेटी किंवा चक्र फिरवण्यासारखे नशिबाचे काही आहे का?
३. मोबाईलला कोणाचे यूपीआय किंवा कार्ड जोडलेले आहे? मुलांच्या मोबाईलवरून ते काढा आणि खरेदीला पासवर्ड लावा.
४. एक दिवस खेळले नाही तर गेम काही काढून घेतो का? घेत असेल, तर तो तुम्हाला बांधून ठेवण्यासाठी केलेला आहे.

मोठ्या माणसाच्या बाबतीत भांडण करू नका, हिशेब मागा. कर्जाची पूर्ण यादी एकदा कागदावर येऊ द्या. घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडले तर पुढच्या डावाला मोकळीक मिळते, म्हणून कर्जफेड आणि उपचार बरोबरच सुरू करा. उपचारात मुख्य भाग समुपदेशन आणि विचार-वर्तन उपचाराचा असतो, सोबत नैराश्य असेल तर औषधेही लागतात. कोल्हापुरात सीपीआरच्या मनोविकार विभागात दाखवता येते. पुण्याचे मुक्तांगण दारूबरोबर अशा व्यसनांवरही काम करते. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर आजच फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात या. हरलेले पैसे परत मिळतीलच असे नाही, पण हा आजार उपचाराला दाद देतो.